डब्यावर ६०००, पडद्यावर ४८०० : नव्या गेमिंग पीसीची मेमरी आणि ओव्हरक्लॉकिंग

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे. श्रोत्यांचे निवडक प्रश्न शेवटी दिले आहेत.)

सुरुवात एका तक्रारीने करतो. ती इथल्या निम्म्या लोकांनी तरी केलेली असणार. "नवा पीसी असेंबल केला, डीडीआर५ ६००० ची रॅम घेतली, डब्यावर मोठ्या अक्षरात ६००० छापलंय, आणि टास्क मॅनेजर दाखवतोय ४८००. दुकानदाराने फसवलं का?"

नाही, फसवलं नाही. पण डब्यावरच्या त्या आकड्याचा अर्थ कुणी तुम्हाला समजावूनही सांगितला नाही. आज तो समजून घेऊ. आणि त्याच्यापुढचा, माझ्या मते जास्त महत्त्वाचा प्रश्न बघू : मशीन ६००० वर चालू झालं म्हणजे ते ६००० वर बरोबर चालतंय का? चालू होणं आणि बरोबर चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढचा तासभर मी हेच सांगणार आहे.

उदाहरणासाठी एकच मशीन धरू. प्रोसेसर रायझन ७ ९८००एक्स३डी, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला. मेमरी ३२ जीबी, म्हणजे १६ च्या दोन स्टिक, डीडीआर५-६०००, सीएल३०. इंटेलवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये, तत्त्व तेच आहे, फक्त बायोसमधली नावं बदलतात.

तीन आकडे, तीन मालक

या मशीनमध्ये मेमरीच्या वेगाचे तीन आकडे आहेत.

पहिला ४८००. मेमरीची मानकं ठरवणारी जेडेक नावाची संस्था आहे, तिने डीडीआर५ चं मानक २०२० मध्ये प्रसिद्ध केलं. स्टिकवर एक छोटी चिप असते, तिच्यात स्टिकची माहिती लिहिलेली असते. नवं मशीन चालू झालं की मदरबोर्ड ती माहिती वाचतो आणि सगळ्यात सुरक्षित मानक वेग निवडतो. आपल्या स्टिकमध्ये तो ४८०० आहे, व्होल्टेज १.१.

दुसरा ५६००. हा प्रोसेसरचा आकडा. मेमरीशी बोलणारा मेमरी कंट्रोलर आता प्रोसेसरच्या आतच असतो. दोन स्टिक असतील तर ५६०० पर्यंतची हमी, असं एएमडी या प्रोसेसरसाठी सांगते.

तिसरा ६०००, डब्यावरचा. स्टिक बनवणाऱ्याने तपासून लिहिलेला. त्या वेगासाठी लागणारं व्होल्टेज आणि टायमिंग एका प्रोफाइलमध्ये भरून ठेवलेलं असतं. इंटेलने ही पद्धत २००७ मध्ये एक्सएमपी नावाने आणली, एएमडीने डीडीआर५ साठी २०२२ मध्ये एक्स्पो आणलं. व्होल्टेज साधारण १.३५ असतं.

आता नीट बघा. ६००० हा ५६०० पेक्षा जास्त आहे. म्हणजे बायोसमध्ये एक्स्पो चालू केलं की तुम्ही प्रोसेसरच्या हमीबाहेर गेलात. लोक म्हणतात, "मी ओव्हरक्लॉकिंग करत नाही, फक्त एक्स्पो लावलंय." अहो, तेच ओव्हरक्लॉकिंग! तयार मसाल्याचं पाकीट वापरलं म्हणून स्वयंपाक केला नाही असं होत नाही. बहुतेक मशीनवर हे व्यवस्थित चालतं, ६००० तर एएमडीनेच रायझन ७००० च्या वेळी सर्वांत सोयीचा वेग म्हणून सांगितला होता. पण बहुतेक मशीनवर चालतं म्हणजे तुमच्या मशीनवर चालतंच असं नाही. ते तपासायचं काम तुमचं.

साहेब, शिपाई आणि रेकॉर्ड रूम

आकड्यांचा अर्थ लावायला एक जुनं सरकारी ऑफिस डोळ्यांसमोर आणा. साहेब म्हणजे प्रोसेसर. रेकॉर्ड रूम म्हणजे रॅम. साहेबाने फाईल मागितली की शिपाई व्हरांड्यातून जातो आणि फाईल घेऊन येतो.

६००० म्हणजे सेकंदाला ६००० दशलक्ष वेळा माहितीची देवाणघेवाण. डीडीआरमध्ये घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा देवाणघेवाण होते, म्हणून खरं घड्याळ ३००० मेगाहर्ट्झचं. सीपीयू-झेडमध्ये ३००० दिसलं तर घाबरू नका, दुप्पट करा. एका खेपेला ८ बाइट, म्हणून एका चॅनेलवर सेकंदाला ४८ जीबी, दोन चॅनेलवर ९६. हीच बेरीज ४८०० वर ७६.८ होते.

आता सीएल. फाईल मागितल्यापासून ती मिळू लागेपर्यंत घड्याळाचे किती ठोके जातात, तो हा आकडा. समजा, शिपायाची पावलं. पण नुसती पावलं मोजून भागत नाही, एका पावलाला किती वेळ लागतो तेही बघायला हवं. हिशेब सोपा आहे : सीएल गुणिले २०००, भागिले वेग. उत्तर नॅनोसेकंदात.

६००० सीएल३० : १० नॅनोसेकंद. ६००० सीएल३६ : १२. ४८०० सीएल४० : जवळजवळ १६.७. आणि गंमत म्हणजे जुनी डीडीआर४ ३२०० सीएल१६ घ्या, तीही १० च. म्हणून दुकानात नुसतं "कितीची रॅम" विचारू नका, सीएल किती तेही विचारा. ६४०० सीएल४० पेक्षा ६००० सीएल३० मला कधीही चालेल.

मग एक्स३डी म्हणजे काय? साहेबाच्या टेबलाला मोठा खण. या प्रोसेसरला ९६ एमबीचा एल३ कॅशे आहे. नेहमीच्या फायली खणातच सापडल्या तर शिपायाला कमी वेळा पाठवावं लागतं. म्हणून या प्रोसेसरवर मेमरीचा वेग वाढवल्याचा फायदा साध्या प्रोसेसरपेक्षा कमी दिसतो. आणि ४के वर खेळत असाल, ग्राफिक्स कार्डच दमलेलं असेल, तर तो फायदा शोधावा लागतो. हे मुद्दाम आधी सांगतोय. जोखीम घेण्याआधी माणसाला मोबदला माहीत असावा.

पहिल्या दिवशी काय करायचं

एक. स्टिक योग्य खाचेत लावा. चार स्लॉटच्या बोर्डवर दोन स्टिक प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. शेजारीशेजारी लावल्या तर अनेकदा एकच चॅनेल चालतो आणि निम्मा रस्ता रिकामा राहतो. बोर्डच्या पुस्तिकेत चित्र असतं, ते बघा.

दोन. दोनच स्टिक घ्या. चार स्लॉट आहेत म्हणून चार भरायच्या नसतात. याच प्रोसेसरची चार स्टिकसाठीची हमी ५६०० वरून थेट ३६०० वर येते. ६४ जीबी हवी असेल तर ३२ च्या दोन घ्या. आणि "आत्ता दोन, पुढच्या दिवाळीला तश्शाच आणखी दोन" हा बेत करू नका. नाव तेच असलं तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात. स्टिक एकाच पाकिटातल्या असाव्यात, कारण त्या एकत्र तपासलेल्या असतात.

तीन. पहिल्यांदा बटण दाबल्यावर पडदा काळा राहील. काही मिनिटं राहील. या काळ्या पडद्याने अनेकांचा रक्तदाब वाढवलाय. घाईने एसएमपीएसचा स्विच बंद करू नका. आत मेमरी ट्रेनिंग चाललेलं असतं. नवा शिपाई पहिल्या दिवशी व्हरांडा पायाखाली घालतोय असं समजा : सिग्नल नेमका कोणत्या क्षणी वाचायचा हे कंट्रोलर प्रत्येक तारेसाठी मोजून ठरवतो. मेमरीचं सेटिंग बदललं की पुन्हा हेच होतं. आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा हे काम आणि विशेषतः बायोस अपडेट यूपीएसवर करा.

चार. बायोस अपडेट करा. हे निव्वळ कर्मकांड नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये काही रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याच्या बातम्या आल्या. त्यानंतर नव्या बायोसमधून एसओसी व्होल्टेजला १.३ ची मर्यादा घातली गेली. मेमरी कंट्रोलरला मिळतं तेच हे व्होल्टेज. एक्स्पो लावल्यावर बोर्ड ते आपणहून वाढवतो. म्हणून प्रोफाइल लावल्यावर हा आकडा डोळ्यांनी बघा. ६००० साठी बऱ्याच प्रोसेसरना १.२ च्या आसपासही पुरतं.

पाच. विंडोज आधी ४८०० वरच टाका. ड्रायव्हर, अपडेट सगळं होऊ द्या. मग एक्स्पो. अस्थिर मेमरीवर विंडोज टाकलं तर मूळ प्रतच चुकीची लिहिली जाऊ शकते आणि मग पुढे काय बिघडलंय ते कुणालाच सापडत नाही.

सहा. एक्स्पो लावून आत गेलात की मेमरीचं घड्याळ आणि कंट्रोलरचं घड्याळ एकास एक चालतंय ना, ते तपासा. बायोसमध्ये यूसीएलके नावाने सेटिंग असतं. ६००० वर दोन्ही ३००० असायला हवीत. तुम्ही हौसेने ६४०० लावलं आणि बोर्डने गुपचूप एकास दोन केलं, तर कंट्रोलर ३२०० ऐवजी १६०० वर चालतो. आकडा मोठा, काम हळू!

एक बिट

आता मूळ मुद्दा. मशीन चालू झालं, गेम चालला, दोन तास काही झालं नाही. झालं का काम?

माझ्याकडे एक मुलगा मशीन घेऊन आला होता. लग्नाचे फोटो काढतो, रात्री गेम खेळतो, दोन्हीला एकच पीसी. चार स्टिक, दोन वेगवेगळ्या पाकिटांतल्या, प्रोफाइल ६००० चं. गेम कधीमधी बंद पडायचा, तो गेमला शिव्या घालायचा. तीन महिन्यांनी एका गिऱ्हाइकाने अल्बम मागितला. फोल्डर उघडला तर काही फोटोंच्या खालच्या अर्ध्या भागात राखाडी पट्टा. बॅकअप उघडला, तिथेही तोच पट्टा. कारण बॅकअप त्याच मशीनवरून, त्याच मेमरीतून गेला होता. कॅमेऱ्याची कार्डं केव्हाच फॉरमॅट करून पुढच्या लग्नाला वापरली होती. मेमरी टेस्ट लावली, दहा मिनिटांत लाल ओळी आल्या. स्टिक काढून दोनच ठेवल्या, मशीन ठणठणीत झालं. फोटो परत आले नाहीत. गेम पुन्हा लावता येतो हो, लग्न पुन्हा लावता येत नाही.

हे होतं कसं? साहेब शिपायावर विश्वास ठेवतो. शिपायाने घाईत चुकीचं पान आणलं तर साहेब ते वाचून शंका घेत नाही, सही करून पुढे पाठवतो. आपल्या घरच्या पीसीत आलेला आकडा बरोबर आहे का, हे प्रोसेसर पडताळत नाही. "पण डीडीआर५ मध्ये चूक दुरुस्त करणारं ईसीसी असतं ना?" असतं, चिपच्या आत. म्हणजे रेकॉर्ड रूममधला कारकून फाईल तपासतो. व्हरांड्यात पान पडलं तर ते त्याला कळत नाही. आणि वेग वाढवल्यावर बऱ्याच चुका व्हरांड्यातच होतात.

एक बिट बदलल्याने काय होतं? मराठीतच बघू. संगणकात "क" आणि "ग" या अक्षरांच्या सांकेतिक आकड्यांत फक्त एका बिटाचा फरक आहे. तो एक बिट उलटला की "काय" चं "गाय" होतं. पत्रात झालं तर आपण हसू. फोटोच्या फाईलमध्ये, हिशेबाच्या पत्रकात, झिप फाईलमध्ये झालं तर हसू येत नाही. ३२ जीबीत असे सुमारे २७ हजार ५०० कोटी बिट आहेत. त्यातला एक.

म्हणून कसोटी एकच : चुका शून्य. "रात्रभरात एकच एरर आला, चालतंय की" असं म्हणायचं नाही. एक आला म्हणजे सेटिंग नापास.

तपासायचं कसं? पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ टाका, त्यावरून मशीन चालू करा, चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. ठोक चुका इथे पकडल्या जातात. मग विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा ओसीसीटी काही तास, आणि वाय-क्रंचर किंवा प्राइम९५, ज्यात प्रोसेसर आणि मेमरी दोघांवर एकदम ताण येतो. शेवटी एखादा जड गेम, कारण ग्राफिक्स कार्डची गरम हवा स्टिकवर येते तेव्हाच काही चुका उघड होतात. मध्येमध्ये इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआ-लॉगर नावाच्या नोंदी आहेत का बघा. एवढं होईपर्यंत महत्त्वाची फाईल त्या मशीनवर आणायची नाही.

आणि ऋतू विसरू नका. मेमरीतला प्रत्येक बिट म्हणजे एक अतिसूक्ष्म भांडं, त्यातला विद्युतभार सतत गळतो, म्हणून तो पुन्हापुन्हा भरावा लागतो. उष्णता वाढली की गळती वाढते. डिसेंबरात पुण्यात पास झालेली स्टिक मे महिन्यात नागपूरला नापास होऊ शकते. डीडीआर५ स्टिकवर तापमापक असतो, एचडब्ल्यूइन्फोमध्ये आकडा दिसतो. टायमिंग हाताने आवळली असतील तर ५० अंशांच्या पुढे मी सावध होतो. उन्हाळ्यात पुन्हा एक चाचणी करा, कॅबिनेटची जाळी पुसा.

मग प्रोसेसर

मेमरी शंभर टक्के पक्की झाल्याशिवाय प्रोसेसरला हात लावू नका. दोन्ही एकदम बदललं आणि मशीन हँग झालं, तर दोष कुणाचा ते कसं कळणार? एका वेळी एकच बदल. आणि वही ठेवा. साधी शाळेची वही : तारीख, काय बदललं, कोणती चाचणी, निकाल.

पूर्वी ओव्हरक्लॉकिंग म्हणजे गुणक वाढवायचा आणि व्होल्टेज चढवायचं. आजचे प्रोसेसर तापमान आणि वीज पाहून स्वतःच वर जातात. आपला प्रोसेसर ५.२ गिगाहर्ट्झपर्यंत आपणहून पोहोचतो. म्हणून आता उलटं करतात, व्होल्टेज थोडं कमी करतात. एएमडीमध्ये याला कर्व्ह ऑप्टिमायझर म्हणतात. उणे १० पासून सुरुवात करा. प्रोसेसर थंड राहतो आणि म्हणून वरचा वेग जास्त वेळ टिकवतो.

पण इथेही फसगत आहे. व्होल्टेज जास्त कमी झालं तर मशीन जड कामात नाही, रिकामं बसलेलं असताना बंद पडतं. कारण काम हलकं असताना एखादा कोअर सगळ्यात वरच्या वेगाला उडी मारतो. म्हणून प्रत्येक कोअर वेगळा तपासणारं कोअरसायकलर रात्रभर चालवा. उणे ३० वर मित्राचं चालतं म्हणून आपलं चालेल असं नाही.

आणि व्होल्टेज वाढवण्याच्या मोहाबद्दल एकच सांगतो. २०२४ मध्ये इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर हळूहळू अस्थिर होत असल्याचं समोर आलं. कारणांमध्ये जादा व्होल्टेज होतं. ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड आला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. पण झालेली इजा मायक्रोकोडने भरून निघत नाही. हे प्रोसेसर पहिल्या दिवशी जळाले नव्हते. महिनोन्महिने व्यवस्थित चालले आणि मग बिघडले. जादा व्होल्टेजचं बिल उशिरा येतं.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : सर, माझ्या मित्राचं सेम टू सेम मशीन ६४०० वर चालतं, माझं का नाही चालत?

उत्तर : अरे, मशीन सेम असतं, सिलिकॉन सेम नसतं. एकाच कारखान्यातल्या दोन प्रोसेसरचे कंट्रोलर थोडे वेगळे निघतात. आणि मला सांग, तुझ्या मित्राने रात्रभर टेस्ट लावलीय का? नाही ना? मग त्याचं चालतं की नाही हे त्यालाही माहीत नाही.

प्रश्न : एक्स्पो लावल्याने वॉरंटी जाते का?

उत्तर : एएमडीच्या अटींप्रमाणे जाहीर केलेल्या मर्यादेबाहेर मेमरी किंवा प्रोसेसर चालवल्याने झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही. प्रत्यक्षात बहुतेक लोक एक्स्पो लावतात आणि काही होत नाही. पण आपण कुठल्या बाजूला उभे आहोत ते माहीत असावं.

प्रश्न : चाचणीत एरर आले तर रॅम बदलायची का?

उत्तर : लगेच नाही. आधी ४८०० वर तीच चाचणी करा. तिथेही एरर आला तर स्टिक किंवा स्लॉट खराब असण्याची शक्यता जास्त. एकेक स्टिक वेगळी लावून बघा, दोष सापडेल, मग वॉरंटीत द्या. ४८०० वर स्वच्छ असेल आणि ६००० वर नसेल, तर ५८०० किंवा ५६०० लावा. तेवढ्याने गेममध्ये जो फरक पडेल तो मीटरशिवाय तुम्हाला ओळखता येणार नाही.

प्रश्न : मी घरून अकाउंट्सचं काम करते, मुलगा त्याच पीसीवर गेम खेळतो. आम्ही काय करावं?

उत्तर : ताई, तुमच्या मशीनवर ५६०० च्या पुढे जाऊच नका. तेही रात्रभराची चाचणी शून्य चुकांनी पास झाल्यावर. नाहीतर ४८०० वर ठेवा. मुलाचे दोन-चार फ्रेम कमी होतील, तो थोडा कुरकुर करेल. तुमच्या गिऱ्हाइकाच्या ताळेबंदात एक आकडा बदलला, तर कुरकुर करणारे वेगळे असतील. आणि दोघांनीही बॅकअप घेतल्यावर त्यातल्या चार फाईल दुसऱ्या मशीनवर उघडून बघायची सवय लावा. त्या फोटोवाल्या मुलाने तेवढं केलं असतं तर पहिल्याच आठवड्यात त्याला कळलं असतं.